जपून उचलणारी माणसं

ज्याची कंबर वर्षानुवर्षं दुखते आहे असा माणूस ओळखायचा असेल, तर त्याला चालताना बघून उपयोग नाही. चालणं सवयीचं असतं, त्यात दुखणं लपवता येतं. त्याला जमिनीवरची एखादी वस्तू उचलताना बघा.

आमच्या गणपतीपुळ्यात ही संधी दिवसभर मिळते, कारण उचलण्याला इथे सुट्टी नाही. पर्यटक देऊळ आणि समुद्र बघून परत जातात. पण ते येण्याआधी आणि गेल्यावर गावात नुसती उचलाउचल चाललेली असते. उन्हाळ्यात आंबा. पाच डझनांच्या पेटीत साठ फळं; एक फळ अडीचशे ग्रॅमचं धरलं तरी पंधरा किलो, वर लाकूड वेगळं. प्लास्टिकचा क्रेट भरला की वीस किलोच्या घरात जातो आणि तो बागेतून पाखाडी चढून गाडीपर्यंत आणायचा असतो. जांभ्याचा एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस आणि बाहेर जवळपास तेवढंच लोखंड. विहिरीवरचे हंडे-कळश्या. आणि आमच्यासारखं ज्यांनी घराला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्यात, त्यांच्याकडे गाद्या, पाण्याचे वीस लिटरचे जार आणि लोकांच्या बॅगा.

ज्याची कंबर ठीक आहे, तो हे सगळं कसं उचलतो? कसंही. मोबाइल कानाला लावून, एका हाताने, पाठीची कमान करून, मध्येच कुणाला तरी हाक मारत. आपण काही उचललं हे त्याच्या लक्षातही येत नाही.

ज्याची कंबर दुखते तो आधी वस्तूजवळ जाऊन उभा राहतो. तिच्याकडे बघतो. पाय फाकवून नीट रोवतो. एक हात मांडीवर जातो. श्वास आत घेतला जातो आणि तिथेच थांबतो. मग गुडघे वाकतात, पाठ मात्र फळीसारखी ताठ. वस्तू हळूहळू वर येते. उभं राहिल्यावर श्वास सुटतो.

असं उचलणं मी आणखी एका ठिकाणी बघितलं आहे. आमच्या गावात घरोघरी गणपती आणायची पद्धत नाही. डोंगरातला स्वयंभू गणपती हाच सगळ्यांचा. पण मामाच्या गावी, संगमेश्वर तालुक्यात, चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाळेतून मूर्ती घरी आणतात. तेव्हा गावातला सगळ्यात धसमुसळा माणूससुद्धा असाच उचलतो. पाय रोवून, श्वास धरून, पाठ ताठ ठेवून. कारण हातातलं जे आहे ते भंगलं तर परत जोडता येणार नाही.

जुनाट कंबरदुखीचा माणूस पाण्याची बादलीसुद्धा गणपतीच्या मूर्तीसारखी उचलतो. फरक एवढाच, की त्याच्या मते भंगण्यासारखी वस्तू बादली नसते. तो स्वतः असतो.

*

माझी आई गेली आठ वर्षं असं उचलते आहे.

सुरुवात साधीच होती. विहिरीवरून हंडा उचलताना उसण भरली. आमच्याकडे उसण भरली की आधी पायाळू माणूस शोधतात. आईच्या पोटातून पायाकडून जन्मलेल्याने कमरेला पाय लावला की उसण उतरते, असं मानतात. आमच्या शेजारच्या काकी पायाळू आहेत, त्यांनी पाय लावला. मग निर्गुडीच्या पाल्याचा शेक झाला, तेल झालं. दोनेक आठवड्यांत आई बरी झाली. बहुतेकांची उसण अशीच काही आठवड्यांत उतरते आणि त्याचं श्रेय जो शेवटचा उपाय चाललेला असतो त्याला मिळतं.

पण चार महिन्यांनी ती परत आली आणि या वेळी मुक्कामाला आली. तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या कंबरदुखीला डॉक्टर जुनाट म्हणतात. एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये चकत्या झिजल्याचं, एक चकती फुगल्याचं लिहिलं होतं. त्याचं घरगुती भाषांतर झालं, "मणक्यात गॅप आहे." ज्यांनी रिपोर्ट बघितला त्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पट्टा दिला आणि जाता जाता एक वाक्य दिलं, "आता वजन उचलायचं नाही."

गोळ्यांवर तारीख असते. त्या वाक्यावर नव्हती.

मग एकेक गोष्ट आईच्या हातून सुटत गेली. आधी सिलिंडर. मग हंडा. मग गाद्या उन्हात घालणं. मग पाच किलोची तांदळाची पिशवी. वजन दर वर्षी कमी होत गेलं आणि दुखणं मात्र तेवढंच राहिलं. शेवटी दादाची मुलगी झाली. ती रांगायला लागली, चालायला लागली, आजीसमोर येऊन दोन्ही हात वर करायला लागली. आई खाली बसून तिला मांडीवर घ्यायची. उभ्याने कधी उचललं नाही. आठ-दहा महिन्यांनी मुलीने आजीपुढे हात वर करणंच सोडून दिलं. लहान मुलांना कोण उचलतं आणि कोण नाही, हे फार लवकर कळतं.

हे बघितल्यावर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले.

*

पहिलं आश्चर्य हे, की आईचं उचलणं आईचं एकटीचं नव्हतं. कंबर दुखणारे आणि न दुखणारे लोक वेगळं उचलतात का, यावर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०२० साली 'स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ पेन'मध्ये आला. निष्कर्ष असा, की कंबर दुखणारे लोक सावकाश उचलतात, त्यांच्या हालचालीत झटका कमी असतो आणि ते पाठीपेक्षा पायांचा वापर जास्त करतात. म्हणजे गुडघे जास्त वाकवतात, कंबर कमी.

आता हे नीट वाचा. 'गुडघे वाका, पाठ सरळ ठेवा' हे आपण शाळेच्या पीटीपासून कारखान्यातल्या पोस्टरपर्यंत सगळीकडे ऐकतो. ते बरोबर उचलणं. आणि ते बरोबर उचलणं ज्यांच्यात जास्त दिसतं, ते आधीच कंबर दुखणारे आहेत. यावरून गुडघे वाकवल्यामुळे कंबर दुखते असं सिद्ध होत नाही. दुखल्यामुळे माणूस तसं उचलायला लागतो, हेच जास्त शक्य आहे. पण आपण ज्याला उपाय समजतो, ते पुष्कळदा दुखण्याचंच लक्षण असतं.

त्याच वर्षी आणखी एक आढावा ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी केला. उचलताना कंबर वाकली तर कंबरदुखी होते किंवा टिकते, असा पुरावा आहे का? त्यांना तसा संबंध सापडला नाही. उपलब्ध अभ्यास फारसे भक्कम नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे जी गोष्ट आपण सूर्य पूर्वेला उगवतो तशी सांगतो, तिच्यामागचा आधार इतका पातळ आहे.

मग पाठीच्या आत काय होतं? १९५०च्या दशकात फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन संशोधकांनी एक छान गोष्ट दाखवून दिली. निरोगी माणूस पुढे पूर्ण वाकला, की तळाशी पोचल्यावर त्याच्या पाठीचे स्नायू चक्क शांत होतात. भार स्नायूबंध आणि इतर ऊती पेलतात, स्नायू क्षणभर सुट्टी घेतात. जुलैत भातलावणी करणारी बाई तासन् तास वाकलेली असते, तेव्हा तिची पाठ प्रत्येक क्षणी लढत नसते. पुढच्या अभ्यासांत दिसलं, की जुनाट कंबरदुखीच्या अनेक लोकांमध्ये हे शांत होणं घडतच नाही. स्नायू तळाशीही आवळलेलेच राहतात. पहारेकऱ्याला रात्र संपल्याचं कुणी सांगितलेलं नसतं.

दुखणं ताजं असतं तेव्हा हा पहारा उपयोगी असतो. जखमेभोवती शरीर आवळून धरतं, हालचाल कमी करतं, ते योग्यच. पण जखम भरल्यावरही पहारा उठला नाही, तर आवळलेल्या स्नायूंचंच दुखणं होतं. दुखतं म्हणून माणूस जपतो, जपल्यामुळे ताकद जाते, ताकद गेल्यावर कमी वजनही दुखवतं, दुखल्यावर भीती खरी ठरते. व्लायेन आणि लिंटन यांनी २००० साली हे चक्र मांडलं. कंबरदुखीत भीती किती काम करते, हे तेव्हापासून अभ्यासक गंभीरपणे घेतात. आमच्या घरात तेच चक्र तांदळाच्या पिशवीपर्यंत आलं होतं.

*

इथे घाई केली तर चूक होईल. 'म्हणजे कसंही उचला, काही होत नाही' असा याचा अर्थ नाही.

१९९९ साली जर्मनीतल्या एका अभ्यासात एका माणसाच्या कमरेच्या चकतीत दाब मोजणारी सुई बसवली होती. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. वीस किलो वजन, म्हणजे आपला आंब्याचा भरलेला क्रेट, पाठ गोल करून उचललं तर २.३. गुडघे वाकवून उचललं तर १.७. फरक आहे. पण तेच वजन छातीशी धरलं तर १.१ आणि हात लांब करून, छातीपासून साठ सेंटिमीटरवर धरलं तर १.८. म्हणजे गुडघ्यांइतकंच महत्त्वाचं हे, की वजन अंगापासून किती लांब आहे. आमचे गडी क्रेट उचलताना पोटाला टेकवूनच उचलतात. त्यांना हे कुणी शिकवलं नाही, रोजच्या ओझ्याने शिकवलं.

आणि दाब म्हणजे इजा नव्हे. हाडं, चकत्या, स्नायू दाबावरच जगतात. तो हळूहळू वाढला तर ते तगडे होतात. त्रास होतो तो अचानक वाढलेल्या ओझ्याने, किंवा विश्रांतीच न मिळणाऱ्या ओझ्याने.

ही दुसरी गोष्ट पैशाची आहे. आईला दादाने सांगितलं, "तू उचलू नको," आणि तिला न उचलणं परवडलं, कारण उचलायला दुसरं कुणी होतं. बागेत हंगामाला येणाऱ्या नेपाळी कामगाराला, चिरेखाणीवरच्या माणसाला, जेटीवरून मासळीची टोपली आणणाऱ्या मावशींना हा सल्ला द्यायचा, तर सोबत पगारही द्यावा लागेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हाताने वाहायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सुचवली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तोही ओझी वाहणाऱ्यांच्या लढ्यातून. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं सूत्र तर सगळं अनुकूल असतानाही २३ किलोपासून सुरू होतं आणि वस्तू जमिनीवर असेल, लांब असेल, वळून उचलायची असेल, तर आणखी खाली येतं. या हिशेबाने पाखाडीवरच्या क्रेटचं वजनच चुकीचं आहे, उचलणाऱ्याचे गुडघे नव्हेत. 'नीट उचला' हे पोस्टर लावणं स्वस्त असतं. क्रेट लहान करणं, दोन माणसं लावणं, मध्ये बसू देणं महाग असतं.

डोक्यावर ओझं घेणाऱ्या बायकांची एक जुनी रीत मला म्हणून फार शहाणी वाटते. हंडा किंवा भारा जमिनीवरून डोक्यापर्यंत एकटीने कुणी नेत नाही. "जरा हात लाव गं," म्हणून हाक मारतात. एकदा चुंबळीवर बसला की पुढची वाट तिची तिची. सगळ्यात अवघड टप्पा जमीन ते कंबर हाच असतो आणि तो दोघींनी मिळून पार करायचा असतो.

*

आईच्या रिपोर्टबद्दलही थोडं. २०१५ साली तीन हजारांवर लोकांच्या तपासण्यांचा एक आढावा प्रसिद्ध झाला. ही सगळी कंबर अजिबात न दुखणारी माणसं. त्यांच्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. पन्नाशीतल्या ८० टक्क्यांच्या. म्हणजे गॅप हा पांढऱ्या केसासारखा आहे. तो असतो, पण त्याच्यामुळेच दुखतं असं प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. काही वेळा मात्र थांबायचं नसतं. पायातली ताकद जायला लागली, जांघेत बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, ताप किंवा वजन घटणं सोबत असलं, तर तडक डॉक्टर गाठायचा. आईला यातलं काही नव्हतं.

जगात २०२० साली ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत व्यायाम आणि दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजनं लावून ओढणं, म्हणजे ट्रॅक्शन, नेहमीचा उपचार म्हणून करू नये, असंही म्हटलं आहे. आईचा पट्टा आता कपाटावर असतो.

गेल्या वर्षी दादा तिला रत्नागिरीला एका फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेला. मी सोबत होते. त्या ताईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "काकू, काय उचलायची भीती वाटते?"

आठ वर्षांत आईला कुठे दुखतं, किती दुखतं, केव्हा दुखतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. आई बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नात."

उपचार असा काही थाटाचा नव्हता. घरची रिकामी कळशी स्टुलावर ठेवायची आणि उचलायची, दहा वेळा. जमलं की स्टूल काढायचं. मग तळाशी थोडं पाणी. पाठ मुद्दाम ताठ धरायची नाही, श्वास रोखायचा नाही. आईला श्वास सोडणंच जमेना. तेव्हा ताईंनी युक्ती काढली, "उचलताना मला उकडीच्या मोदकांची कृती सांगा." बोलताना श्वास धरता येत नाही आणि उकड किती वेळ मळायची हे सांगताना कमरेकडे लक्ष राहत नाही. पहिल्या दिवशी आई "पाण्याला उकळी आली की" यावर तीनदा अडकली.

सोबत चालणं होतं. आमच्या देवळाची प्रदक्षिणा म्हणजे सगळ्या डोंगरालाच फेरी, साधारण एक किलोमीटर. आई पहाटे ती करते. २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात, कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ज्या लोकांना मार्गदर्शनासह टप्प्याटप्प्याने चालायला लावलं, त्यांचं दुखणं परत यायला मध्यमान २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यांचं ११२ दिवसांत परतलं. आईला हे आकडे सांगितल्यावर ती म्हणाली, "देवाला माहीत होतं."

मीराबाई चानूचीही गोष्ट मी तिला सांगितली. २०१७ला जगज्जेती झालेली ही मुलगी कमरेच्या दुखण्यामुळे २०१८चे आशियाई खेळ खेळू शकली नाही. २०२१मध्ये तिने टोकियोत ४९ किलो वजनी गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक घेतलं. आई म्हणाली, "तिला सिलिंडर बदलायला बोलवा." पण नंतर दोन दिवस तिने कळशीत पाणी थोडं वाढवलं होतं.

आता वर्ष होत आलं. दुखणं गेलेलं नाही. पावसाळ्यात दोन वेळा आठ-आठ दिवस जोरात दुखलं, तेव्हा कळशी परत रिकामी झाली आणि परत भरली. सिलिंडर दादाच बदलतो, तो तसाही त्यानेच बदलायला हवा. पण या मे महिन्यात अंगणात आंबा भरणं चाललं होतं तेव्हा आई अर्ध्या भरलेल्या पेट्या सरकवत आणि उचलत होती, आणि त्याच वेळी पेंढा कमी घातला म्हणून गड्याला रागावत होती. वाक्य न तोडता.

नातीलाही ती आता उचलते. पहिल्यांदा पायरीवरून, म्हणजे कमरेएवढ्या उंचीवरून. मुलगी साडेतीन वर्षांची झाली आहे, अंगाने भरली आहे आणि तिला हल्ली कुणी उचललेलं फार वेळ आवडत नाही, लगेच सुटायला बघते. मधली दोन वर्षं कुणी परत देणार नाही.

म्हणून घरातल्या, दवाखान्यातल्या, शेजारच्या सगळ्यांना एकच सांगावंसं वाटतं. दुखणाऱ्या माणसाला "उचलू नको" म्हणायचंच असेल, तर पुढे "कधीपर्यंत" तेही सांगा. आणि त्या दिवशी जवळ उभे राहा, हात लावायला.